छातीत दुखायला लागलं की जिभेखालची गोळी कशी घ्यायची

अँजायनाचा (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचा) त्रास असलेल्यांना डॉक्टर नायट्रोग्लिसरीनची गोळी किंवा स्प्रे लिहून देतात, तो कायम जवळच ठेवा, दुसऱ्या खोलीतल्या कपाटात नको. दुखायला लागलं की हातातलं काम सोडायचं आणि आधी खाली बसायचं, कारण या औषधाने रक्तवाहिन्या सैल होतात, बीपी पटकन उतरतं आणि उभं असलं तर चक्कर येऊन माणूस पडू शकतो. गोळी जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची, चावायची नाही, गिळायची नाही, पाणीही नको. स्प्रे असेल तर जिभेवर किंवा जिभेखाली मारायचा, श्वासाबरोबर आत ओढायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, घड्याळ बघा. ५ मिनिटांत दुखणं कमी झालं नाही किंवा वाढलं तर लगेच अँब्युलन्स बोलवा, "अजून थोडं बघू" अजिबात करू नका, हा हार्ट अटॅक असू शकतो. अँब्युलन्स येईपर्यंत डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ५-५ मिनिटांनी पुढचा डोस, एकूण ३ च्या वर नाही. डोकं दुखणं, चेहरा गरम होणं हे होतंच, घाबरू नका.

आणि सिल्डेनाफिल, टाडालाफिल (लिंगाच्या ताठरतेसाठीची, व्हायग्रासारखी औषधं) घेत असाल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगाच, ही औषधं आणि नायट्रोग्लिसरीन एकत्र झाली तर बीपी जीवघेणं खाली जातं.

गोळ्या मूळ काचेच्या बाटलीतच घट्ट झाकून ठेवा, उष्णता आणि उजेडाने त्यांचा असर जातो, एक्सपायरीही बघत जा.