आधी वचन, मग भाष्य
बायबल वाचताना भाष्यग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ उलगडणारी पुस्तकं, आधी उघडू नका. बायबलमधल्या रूथ या पुस्तकाचा दुसरा अध्याय दोनदा मोठ्याने वाचा, अडलेलं वहीत उतरवा. सोयाबीन सोंगल्यावर वावरात शेंगा वेचणाऱ्या बाया आपण पाहतो, म्हणून रूथचं सरवा वेचणं लगेच डोळ्यांसमोर येतं. पण तिला तो हक्क कुठून मिळाला? इथे भाष्य कामी येतं. ते बायबलच्याच लेवीय (१९:९-१०) आणि अनुवाद (२४:१९) या पुस्तकांकडे नेतं: वावराच्या कडा, विसरलेली पेंढी परक्यासाठी, विधवेसाठी सोडायची. रूथ दोन्ही होती! हे संदर्भ स्वतः काढून वाचाच, नुसत्या भाष्यावर थांबू नका. रूथच्या त्याच अध्यायातल्या सतराव्या वचनातला एफा (धान्याचं जुनं माप) काही भाष्यकार २२ लिटर धरतात, काही वेगळा. दोन्ही मतं समासात टिपा.