नवीन हॉटेल टाकताय? सामान घेताना रविवारची दुपार डोळ्यासमोर ठेवा

हॉटेल टाकायचं ठरलं की लोकं सगळ्यात आधी खुर्च्या आणि लाइटिंग बघत फिरतात, हे पूर्ण उलटं आहे. आधी मेनू कागदावर लिहा आणि मग रविवारी दुपारी साडेबारा ते तीन या वेळात किती ताटं उठणार त्याचा हिशोब मांडा, बाकी सगळं सामान त्या एका हिशोबावर ठरतं. मंगळवारी चार वाजता कुठलंही किचन चालतंच की.

समजा ४० सीटचं व्हेज हॉटेल आहे, सकाळी मिसळ-पोहे आणि दुपारी थाळी. रविवारी टेबलं अडीच वेळा भरली तर झाल्या १०० थाळ्या, थाळीला सरासरी ४ पोळ्या धरल्या तर ४०० पोळ्या, एक किलो कणकेच्या साधारण ३५-४० पोळ्या होतात म्हणजे १०-१२ किलो कणीक. एवढी कणीक हाताने मळायला लावली तर पोळीवाल्या मावशी महिनाभरात राम राम ठोकणार, त्यामुळे मळायचं १० किलोचं मशीन घ्याच. ऑटोमॅटिक पोळी मशीन दाखवायला सेल्समन हमखास येतो, त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या, १०० थाळ्यांना त्याची गरज नाही. वेट ग्राइंडरचंही तेच, इडली-डोसा मेनूत नसेल तर उगाच जागा अडवतो.

भट्टीत एक गोष्ट बरेच जण विसरतात, उंची. नेहमीची रेंज, म्हणजे उभं राहून वापरायची हॉटेलची शेगडी, पावणेतीन फुटांच्या आसपास असते, तिच्यावर मिसळीच्या कटाचं ४० लिटरचं पातेलं ठेवलं की ढवळणाऱ्याचा हात पार खांद्याच्या वर जातो आणि उतरवताना कोणीतरी भाजतंच. मोठ्या पातेल्यांसाठी बुटकी भट्टी वेगळी बनवून घ्या, दीड फुटाची पुरते. गॅस १९ किलोचा कमर्शियलच, घरगुती सिलिंडर हॉटेलात वापरणं बेकायदा आहे हे माहीत असून लोकं वापरतात, तुम्ही नका वापरू. सिलिंडर बाहेर हवेशीर जागी जाळीच्या पिंजऱ्यात आणि आत पाइपलाइन. तळघरात तर अजिबात नको, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचून राहतो.

आता स्टील. टेबल, सिंक, बेन मारी (गरम पाण्यावर अन्न गरम ठेवायचं काउंटर) वगैरे फॅब्रिकेटरकडून बनवताना तो तोंडाने ३०४ ग्रेडचं स्टील म्हणतो आणि लावतो हलकं २०२, जे दिसायला अगदी तसंच असतं पण पाण्यात आणि मिठात राहिलं की गंजतं. चुंबक लावून हे कळत नाही, दोन्हीला चिकटत नाही. स्टील तपासायच्या लिक्विडची छोटी बाटली मिळते, थेंब टाकला की २०२ लालसर पडतं, ती खिशात ठेवा. पण सगळंच ३०४ करायचा हट्ट पण नको, पाणी आणि अन्न लागतं तिथे ३०४, खालचे रॅक आणि टेबलाचे पाय २०२ चे चालतात. गेजचा आकडा जेवढा कमी तेवढा पत्रा जाड, कामाच्या टेबलाला वरचा पत्रा १६ गेजचा घ्या, २० गेजवर रोज नारळ फोडले तर खड्डे पडतात.

एक्झॉस्टवर पैसे वाचवू नका, माझं हे ठाम मत आहे. हुड, म्हणजे धूर ओढायचं वरचं छत्र, भट्टीच्या चारही बाजूंनी सहा-सहा इंच बाहेर हवा, फिल्टर काढून धुता येतील असे हवेत आणि जेवढी हवा बाहेर फेकताय तेवढी ताजी आत यायला सोय हवी, नाहीतर तो पंखा हॉलमधली एसीची हवा ओढून बाहेर टाकतो आणि बिल तुम्ही भरता. धूर नेणारा डक्ट गच्चीपर्यंत न्यायला सोसायटी परवानगी देते का हे गाळ्याचा ॲग्रीमेंट करायच्या आधी विचारा, नंतर नाही.

फ्रीज घेताना आधी दरवाजा मोजा. चार दारांचा उभा फ्रीज चार फूट रुंद आणि अडीच फुटाच्या आसपास खोल असतो, किचनचं दार अडीच फुटाचं असेल तर तो फ्रीज फुटपाथवरच राहतो आणि मग चौकट काढा. भट्टीला चिकटून ठेवू नका, मागे हवा खेळायला जागा सोडा. आतलं तापमान ५ डिग्रीच्या खाली आणि डीप फ्रीजरचं उणे १८, थर्मामीटर वेगळा घ्या, दारावरच्या आकड्यावर विसंबू नका. बेन मारी गरम ठेवतो, गरम करत नाही, गार आमटी त्यात ओतून तासभर वाट बघणारे आचारी असतात.

भांडी घासायची जागा म्हणजे सगळ्यात दुर्लक्षित कोपरा. एका थाळीला ताट, चार वाट्या, ग्लास, चमचा म्हणजे सात नग, शंभर थाळ्यांना ७०० नग, तेही तर्रीच्या तेलासकट. तीन खणांचं सिंक, शेजारी खरकटं ठेवायला टेबल, गरम पाणी आणि खाली सांडपाण्यातलं तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप, एवढं पाहिजेच. कप्प्यांची थाळी घेतली तर नग निम्म्याहून कमी होतात, पण वाट्यांचा थाट जातो, ते तुम्ही ठरवा.

आता गिऱ्हाईक बसतं तो पुढचा भाग, त्यात फार काही नाही. १३ इंची ताटं समोरासमोर ठेवली की २६ इंच जातात म्हणून टेबल किमान अडीच फूट रुंद हवं, दोन फुटी टेबलावर पाण्याचा जग मांडीवर घ्यावा लागेल. टेबल ३० इंच तर खुर्चीची बैठक १८ इंच. मेलामाइनची पांढरी प्लेट दिसायला छान पण हळदीने पिवळी पडते, मिसळीला स्टीलच बरं. बेसिन टॉयलेटच्या बाहेर, हॉलमध्ये, आपल्याकडे लोकं हाताने जेवतात. काउंटरवर बिलाला थर्मल प्रिंटर ठीक आहे, पण किचनमधल्या केओटीला, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीला, ठोक्याचा (डॉट मॅट्रिक्स) प्रिंटर घ्या, भट्टीच्या धगीने थर्मल कागद काळा पडतो आणि ऑर्डर वाचताच येत नाही. कोल्ड्रिंकवाले फुकट फ्रीज देतात, पण त्यात बहुतेक वेळा फक्त त्यांच्याच बाटल्या ठेवायची अट असते, तुमचं ताक आणि सोलकढी कुठे ठेवणार ते आधी बघा.

सेकंडहँडमध्ये टेबल, रॅक, सिंक, भट्ट्या बिनधास्त घ्या, कॉम्प्रेसर असलेली वस्तू शक्यतो नको. कोटेशनमध्ये ग्रेड, गेज, वॉरंटी आणि माल उतरवून जागेवर बसवण्याचा खर्च लिहून घ्या. आणि भाव जीएसटीसकट धरा, बिलावर ५ टक्के लावणाऱ्या हॉटेलला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला टॅक्स वळता करून घ्यायची सोय, मिळत नाही, त्यामुळे मशीनवरचा १८ टक्के टॅक्स तुमच्याच खिशातून जातो, एक लाखाचा फ्रीज एक लाख अठरा हजाराला पडतो.