192 व्हिजिटिंग कार्डं आणि 99 एकर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून करतात ते नमुने, बनवतो. आमच्याकडं जॉब आला की घनफळ आणि पृष्ठफळ आधी बघतात, कारण साच्यात ओतलेला धातूचा रस किती वेळात गोठणार हे घनफळाला पृष्ठफळानं भागून आलेल्या आकड्याच्या वर्गावर ठरतं. त्यामुळं घनफळ शून्याकडं आणि पृष्ठफळ अनंताकडं नेणारा एक ठोकळा आहे असं वाचल्यावर तो हातानं करून मोजल्याशिवाय मला राहवेना. त्याचं नाव मेंगर स्पंज. कार्ल मेंगर या ऑस्ट्रियन गणितज्ञानं 1926 मध्ये तो मांडला.

त्याची रीत सोपी आहे. घनाच्या प्रत्येक कडेचे तीन सारखे भाग केले की 27 छोटे घन होतात. सहा तोंडांच्या मधला एकेक आणि पोटातला एक, असे 7 काढायचे. उरतात 20. मग त्या प्रत्येकावर पुन्हा हेच, आणि त्यानंतरही हेच.

लाकडात हे करू नका. चौकोनी आरपार भोकं कोरण्यात जीव जातो. व्हिजिटिंग कार्डं घ्या. फोन नंबर बदलला की जुनी कार्डं कपाटात पडून राहतात, छापखान्यातही चुकलेल्या छपाईचे गठ्ठे असतात. साडेतीन बाय दोन इंच माप उत्तम. थोडा फरक चालेल, पण सगळी कार्डं एकाच मापाची हवीत. चकचकीत लॅमिनेशनची टाळा, ती एकमेकांत धरत नाहीत, घसरतात.

एका कार्डावर दुसरं बरोबर मध्यावर आडवं ठेवा, अधिकचं चिन्ह होईल असं. खालच्या कार्डाची बाहेर आलेली दोन्ही टोकं वरच्यावर दुमडा, उलटं करून दुसऱ्याचीही दुमडा आणि दोन्ही सोडवा. मधे दोन इंची चौकोन आणि दोन बाजूंना पाऊण इंचाच्या पट्ट्या, असं कार्ड तयार होतं. घडीवर नख किंवा पट्टीची कड दाबून फिरवा, पुढची सगळी मजबुती त्या घडीवर आहे. अशी सहा कार्डं एकमेकांना धरून घन होतो. सगळ्या पट्ट्या बाहेरच्या अंगाला राहिल्या पाहिजेत. सहावं कार्ड बसेपर्यंत घन उघडत राहतो. ते बसलं की गोंद लागत नाही.

दोन घन जोडताना समोरासमोरच्या पट्ट्या एकमेकींना आडव्या येतील असे धरा आणि एकाच्या पट्ट्या दुसऱ्याच्या पट्ट्यांखाली सरकवा. आधी आठ घनांची चौकोनी कडी करा. अशा दोन कड्या, एक खाली एक वर, आणि मधे चार कोपऱ्यांवर चार खांब. झाले 20 घन, म्हणजे 120 कार्डं. आता जे जे तोंड उघडं दिसतंय, भोकांच्या आतलंसुद्धा, त्यावर तसंच दुमडलेलं एकेक कार्ड झाकण म्हणून चढवा.

ही झाकणं चढवताना मोजा, कारण हेच तुमचं पृष्ठफळ आहे. माझी भाची नववीत आहे. तिचा अंदाज होता की भोकं पाडल्यावर पृष्ठफळ कमी होणार. म्हणाली, "मामा, बाहेरचा भाग तर आपण काढून टाकलाय." तिनंच मोजलं. आख्ख्या घनाच्या बाहेर 54 चौकोन असतात. भोकांनी त्यातले 6 गेले, पण प्रत्येक भोकाला चार भिंती, म्हणजे 24 नवे आले. एकूण 72. झाकणं बरोबर 72 लागतात, आणि 120 मिळवून कार्डं 192. घनफळ 27 वरून 20 वर उतरलं आणि पृष्ठफळ 54 वरून 72 वर चढलं. सगळं कोडं या एका वजाबाकी-बेरजेत आहे: प्रत्येक कापात जातं त्याच्यापेक्षा जास्त उघडं पडतं.

दुसऱ्या पायरीला असे 20 स्पंज जोडायचे. 20 गुणिले 72 म्हणजे 1440, पण जिथं ते एकमेकांना चिकटतात तिथली तोंडं झाकली जातात. असे 24 सांधे, प्रत्येकात दोन्ही अंगांची मिळून 16 तोंडं, म्हणून 384 वजा. उरली 1056. कार्डं लागतात 3456. तिसऱ्या पायरीला 66,048. तेवढी कार्डं वापरून अमेरिकेतल्या जेनीन मोझली यांनी तिसऱ्या पायरीचा स्पंज खरोखर उभा केला.

आता कार्डं बाजूला ठेवून कागदावर पुढं चला. आपला पहिला ठोकळा सहा इंची, म्हणजे 152 मिलिमीटर. त्याच ठोकळ्यात आतआत कोरत गेलो तर सहाव्या पायरीला सर्वांत छोटा घन 0.21 मिलिमीटरचा होतो, साधारण मोल्डिंगच्या वाळूच्या कणाएवढा. ओतीव जॉबमधली पोकळी राखणारा वाळूचा ठोकळा, म्हणजे कोअर, इथंच हात टेकतो. सुरुवातीला दीड चौरस फूट असलेलं पृष्ठफळ तोवर 60 चौरस फुटांच्या वर गेलेलं असतं आणि घनफळ साडेसोळा टक्के उरतं. विसाव्या पायरीला छोटा घन अणूपेक्षाही लहान, घनफळ पाव टक्का आणि पृष्ठफळ जवळजवळ 99 एकर. सहा इंचांच्या आत!

अनंत म्हणजे एवढंच: तुम्ही कुठलाही आकडा सांगा, त्याला मागं टाकणारी पायरी दाखवता येते. प्रत्येक पायरीवरचं पृष्ठफळ मात्र मोजता येण्याजोगंच असतं.

मग याला रंग किती लागेल? अनंत पृष्ठफळाला अनंत रंग, हे उत्तर बरोबर वाटतं. पण रंगाच्या डब्यात बुडवला तर डबाभर रंगात भागतंच की. अडचण रंगाच्या जाडीत आहे. थर सगळीकडं सारखा जाड धरला तर तो बारीक भोकांत मावतच नाही. भोकाबरोबर थरही पातळ होत गेला तर थोडा रंग पुरतो. इटालियन गणितज्ञ टॉरिचेलीनं 1640 च्या दशकात दाखवलेल्या अनंत लांबीच्या कर्ण्याबाबतही असाच पेच आहे: आत मावणारं घनफळ ठरावीक, पृष्ठफळ अनंत.

मला सगळ्यात पटलेलं स्पष्टीकरण मापाचं आहे. पत्रा तिप्पट मोठा केला तर नऊ पत्र्यांएवढा होतो, भरीव घन तिप्पट केला तर 27 घनांएवढा. हा स्पंज तिप्पट केला तर 20 स्पंजांएवढा होतो. म्हणजे तो पत्राही नाही आणि भरीवही नाही, दोन आणि तीनच्या मधला, साधारण 2.73 मितींचा. त्याला चौरस इंचात मोजलं की अनंत येतं आणि घन इंचात मोजलं की शून्य, कारण दोन्ही मापं त्याची नव्हेत.

दुसरी पायरी करायची असेल तर वीस जण गोळा करा. प्रत्येकानं आपला 20 घनांचा सांगाडा घरून आणायचा, झाकणांशिवाय. झाकणं सगळे सांधे बसल्यावरच चढवा, नाहीतर जोडायची तोंडंही झाकली जातात आणि काढून पुन्हा लावताना पट्ट्या फाटतात. फक्त जोडल्यावर आत हात पोचणार नाही अशी भोकं तेवढी आधी झाकून घ्या. आणि आपल्याकडं हे काम दिवाळीनंतर काढा, पावसाळ्यात कार्ड ओल धरतं आणि घड्या सुटायला लागतात.