पट्टी लावली, वरून गोळीही घेतली: दुखण्याच्या औषधात या चुका टाळा

कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवेलागणीच्या वेळी माझ्या मेडिकलसमोर बायांची गर्दी होते. कोणाची कंबर धरलेली, कोणाचा गुडघा सुजलेला. परवा एक काकू आल्या आणि पदराच्या गाठीतून दुखण्याची पट्टी, म्हणजे कातडीला चिकटवायची औषधाची पट्टी, काढून काउंटरवर ठेवली. "ताई, हे काई कामाची नाई. दुपारी लावली, दोन तासात काई फरक नाई. मंग गोळी खाल्ली." पट्टी निम्मी वळलेली होती आणि गोंदाला कापसाचे तंतू चिकटले होते. कमरेवर, नेमकी ओटीच्या गाठीखाली लावली होती.

पट्टीला गोळीचं घड्याळ लावणं, ही काकूंची पहिली चूक. डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधाची गोळी आतड्यातून रक्तात जाते, पण त्याआधी तिला यकृतातून जावं लागतं. जवळपास निम्मं औषध तिथंच खर्ची पडतं. उरलेलं रक्ताबरोबर सगळ्या अंगात फिरतं, आणि उपाशीपोटी घेतलेल्या साध्या गोळीचं औषध तासाभरातच रक्तात भरास येतं. पट्टीची वाट वेगळी आहे. कातडीचा सगळ्यात वरचा मेलेला थर केसापेक्षा पातळ असतो, पण औषधाला खरा अडसर त्याचाच. त्यातून औषध हळूहळू झिरपतं, कातडीत साठतं आणि खालच्या स्नायूकडे, सांध्याकडे उतरतं. बारा-बारा तासांनी बदलायच्या डायक्लोफिनॅक पट्टीचं रक्तातलं प्रमाण सगळ्यात वर जायला १० ते २० तास लागतात, आणि तेव्हाही ते गोळीच्या मानाने अगदी थोडं असतं. म्हणून पट्टी लावल्यावर निदान एक-दोन दिवस तरी धीर धरा.

दुसरी चूक जास्त महागात पडते: पट्टीवर गोळी. पट्टीत आणि गोळीत बहुतेक वेळा एकाच जातीचं औषध असतं, फक्त पाकिटावरचं नाव बदलतं. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, किटोप्रोफेन ही सगळी एकाच घरातली. दोन्ही मिळून आराम फारसा वाढत नाही, पोटाचा त्रास मात्र वाढतो. आणि हा त्रास गोळी पोटात टोचल्यामुळे होतो, असं समजू नका. जठराच्या आतल्या अस्तराला जपणारं द्रव्य शरीर स्वतः बनवतं. ही औषधं रक्तातून जाऊन तेच बनणं कमी करतात. म्हणूनच या जातीचं इंजेक्शन घेतलं तरी पोटात जखम होऊ शकते. काळी, डांबरासारखी शौच झाली तर औषध बंद करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मूत्रपिंडाचीही गोष्ट अशीच. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवायचं काम त्याच द्रव्याकडे असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा उन्हात दिवसभर नांगरटी, पाणी कमी, त्यात बीपीची गोळी चालू आणि संध्याकाळी दुखण्याची गोळी, हे सगळं एकत्र येऊ देऊ नका. गिधाडंही मूत्रपिंडाच्याच त्रासाने गेली, हे कित्येकांना माहीत नसतं. डायक्लोफिनॅक टोचलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी ती खाल्ली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. आजही कोणी बैलासाठी माणसाचं इंजेक्शन मागायला येतो. मी देत नाही.

आता लावायच्या पद्धतीकडे. शेतातून आल्याबरोबर घामाच्या अंगावर पट्टी धरत नाही. आधी साबणाने धुवा, पुसा, पूर्ण कोरडं होऊ द्या. तेल किंवा बाम लावलेल्या जागी ती टिकत नाही. काट्याने ओरखडलेल्या किंवा खरूज झालेल्या जागी तर लावूच नका, कारण अडसराचा थरच फाटलेला असतो आणि औषध भलतंच आत शिरतं. ओटीच्या गाठीखाली, लुगड्याच्या काष्ट्याखाली लावली तर घासून सुटते. रात्री हातपाय धुऊन झाल्यावर लावणं सगळ्यात सोपं.

पट्टीवर शेक देण्याची सवय मोडायला मला फार वेळ लागतो. गरम वीट कापडात गुंडाळून, नाहीतर गरम पाण्याची पिशवी घेऊन शेकलं की कातडीकडे रक्त वाढतं आणि औषध ठरल्यापेक्षा जास्त ओढलं जातं. शेकायचं असेल तर पट्टी काढून शेका. किटोप्रोफेनची पट्टी असेल तर ती जागा उन्हापासून झाका, पट्टी काढल्यावरही दोन आठवडे. नाहीतर कातडी भाजल्यासारखी लाल होते.

गुडघा, घोटा, मनगट यांना पट्टीचा फायदा चांगला. खुब्यासारखा खोल सांधा असेल तर फार अपेक्षा ठेवू नका. छातीत दुखतंय म्हणून पट्टी लावून झोपू तर अजिबात नका, गाडी काढा आणि दवाखान्यात न्या. बाई गरोदर असेल तर पट्टी काय, गोळी काय, डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच नको.

वापरलेली पट्टी उकिरड्यावर उघडी फेकू नका. तिच्यात औषध शिल्लक असतं आणि उकिरड्यावर शेळ्या, कोंबड्या, पोरं सगळीच फिरतात. गोंदाची बाजू आत घडी घालून ती झाकणाच्या डब्यात टाका. काकूंची पट्टी मी तशीच घडी करून माझ्या डब्यात टाकली, आणि नवी देताना पाकिटावर पेनाने लिहिलं: "रात्री, धुतल्यावर. गोळी नाही."