लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचा प्लॅन निवडताना आणि बदलताना या चुका टाळा

जून संपत आला की दरवर्षी माझ्या फोनवर एकच प्रश्न येतो. "ताई, गोव्याच्या ट्रायथलॉनचं रजिस्ट्रेशन केलंय. हा प्लॅन चालेल का?" म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ असलेली शर्यत. खाली एक पीडीएफ. वीस आठवडे, रंगीत चौकोन. शनिवारच्या चौकोनात '४ तास सायकल, लगेच ३० मिनिटं रन', मंगळवारच्या चौकोनात 'स्विम २८०० मीटर'. प्लॅन बहुतेक वेळा चांगलाच असतो. मी फक्त विचारते, "टँकवर तुझी बॅच किती मिनिटांची आहे?" उत्तर येतं, पंचेचाळीस.

आता हिशेब करा. नवशिक्याला शंभर मीटरला तीन मिनिटं लागतात. म्हणजे २८०० मीटरला नुसतं पोहणंच ८४ मिनिटांचं, मधली विश्रांती वेगळी. बॅच संपल्याची शिट्टी वाजते तेव्हा तो जेमतेम १३०० मीटरवर असतो. घरी येऊन त्या चौकोनावर फुली मारतो. तीन आठवडे अशा फुल्या पडल्या की आपल्याला हे झेपणारच नाही असं वाटायला लागतं. खरं तर तो प्लॅन शंभर मीटर दोन मिनिटांत पोहणाऱ्या आणि तासभर टँक मिळणाऱ्या माणसासाठी लिहिलेला असतो.

यावरचा उपाय साधा आहे. पोहण्याचा प्लॅन मीटरमधून मिनिटांत बदलून घ्या. पंचेचाळीस मिनिटांत २०० मीटर सावकाश, मग १०० मीटरच्या आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर पंधरा-वीस सेकंद थांबणं, शेवटी १०० मीटर मोकळं पोहणं, इतकं नीट बसतं. आठवड्यातून तीनदा हे केलं तर अर्धवट सोडलेल्या २८०० मीटरपेक्षा कितीतरी जास्त पदरात पडतं.

आधी तास मोजा, प्लॅन नंतर

गोव्यातली शर्यत २०१९ साली मिरामारला पहिल्यांदा झाली. तेव्हापासून आपल्याकडचे बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. या अंतराच्या शर्यतींत पोहण्याला साधारण १ तास १० मिनिटं आणि एकूण साडेआठ तास मिळतात. पूर्ण अंतर याच्या दुप्पट, म्हणजे ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर. त्यासाठी आपली मंडळी लंकावीला, बसलटनला किंवा युरोपात जातात.

अर्ध्या अंतरासाठी आठवड्याला आठ ते दहा तास मिळाले तर नीट तयारी होते. पूर्ण अंतराच्या शिखर आठवड्यांत, म्हणजे प्लॅनमधल्या सगळ्यात जड आठवड्यांत, बारा ते पंधरा तास लागतात. हे आकडे सगळ्यांना माहीत असतात. माहीत नसतं ते आपल्या हातात खरोखर किती तास आहेत. म्हणून प्लॅन उघडण्याआधी मी दोन साध्या आठवड्यांची वही लिहायला लावते. डोंबिवलीहून रोज चर्चगेटला जाणाऱ्या माणसाचे अडीच-तीन तास प्रवासातच जातात, त्यातले बरेचसे उभ्याने. ते पायांनाही कळतं आणि झोपेलाही. या वहीतून सहा तास निघाले, तर शिखर आठवडा नऊ तासांच्या वर जाणारा प्लॅन घेऊ नका. पुढे जमवू, असं म्हणून चौदा तासांचा प्लॅन घेणारे ऑगस्टमध्ये थकतात आणि ऑक्टोबरमध्ये दुखापत घेऊन बसतात.

दुसरी खूण म्हणजे प्लॅनचा पहिला आठवडा. तो आज, आहे त्या तब्येतीवर, फार ओढाताण न होता पार पडला पाहिजे. वर 'बिगिनर' लिहिलंय म्हणून तो आपल्यासाठी आहे असं समजू नका. परदेशी प्लॅनमधल्या बिगिनरला बऱ्याचदा लहानपणापासून पोहता येत असतं. आपला बिगिनर तिशी-चाळिशीत पाण्यात उतरलेला असतो. पहिल्या आठवड्यातच धाप लागत असेल, तर मुख्य प्लॅनआधी सहा-आठ आठवडे फक्त पोहायला आणि सावकाश धावायला द्या. ते जमत नसेल तर पुढच्या वर्षीची शर्यत धरा.

प्लॅन कालनिर्णयसमोर धरून बघा

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारची शर्यत धरली आणि वीस आठवडे मागे मोजले, तर जूनचा शेवट येतो. म्हणजे आपला अख्खा प्लॅन पावसाळ्यात सुरू होतो आणि सणांतून वाट काढत पुढे जातो. युरोप-अमेरिकेतल्या प्लॅनमध्ये हिवाळा घरात आणि लांब राइड उन्हाळ्यात असतात. त्यांचे सगळ्यात मोठे शनिवार कोरड्या रस्त्यावर येतात, आपले भरपावसात. ओल्या घाटात, चिखलाच्या उतारावर, खड्डा पाण्याखाली असताना चार तासांची राइड करायचा हट्ट मला मान्य नाही. ज्यासाठी कॉलरबोन मोडून घ्यावं इतकं महत्त्वाचं कोणतंही वर्कआउट नसतं.

जुलै-ऑगस्टची सायकल घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर करा. ट्रेनरवर उतार नसतो, पाय सतत फिरत राहतात, म्हणून माझ्या हिशेबात तिथली दीड तास म्हणजे रस्त्यावरची जवळपास दोन. पंखा मात्र समोर हवाच, नाहीतर घामाने आणि उष्म्याने नाडी उगाच चढते. पाऊस ओसरला की मग रस्त्यावर या. वळणं, ब्रेक, सायकलवरून पाणी पिणं आणि तीन तास एका बैठकीत बसणं हे घरात शिकता येत नाही. शर्यतीआधी रस्त्यावरच्या किमान पाच-सहा लांब राइड व्हायलाच हव्यात.

आता सण. गणपती, नवरात्र, दिवाळी यांच्या तारखा प्लॅन घेतानाच बघा. नवरात्राचे नऊ दिवस उपास करणारे अनेक जण त्याच आठवड्यात सर्वात लांब राइड करायला निघतात आणि साठाव्या किलोमीटरला डोळ्यांपुढे अंधारी येते. उपास करायचा असेल तर जरूर करा, पण हलका आठवडा तिथे सरकवा. दर तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्याला प्लॅनमध्ये एक हलका आठवडा असतोच. तो एक-दोन आठवडे मागे-पुढे केल्याने काही बिघडत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये पुण्यातली एक मुलगी आहे, ढोल-ताशा पथकात ढोल वाजवते. एका ऑगस्टमध्ये तिचं पोहणं अचानक मंदावलं. शंभर मीटरला दहा-बारा सेकंद जास्त, डावा खांदा दुखरा. तिने स्वतःहूनच तंत्र बिघडल्याचं ठरवलं आणि आणखी एक स्विम वाढवलं. मी संध्याकाळचं विचारलं तेव्हा कळलं की रोज दोन तास पथकाचा सराव चालू होता. कमरेला ढोल बांधून दोन तास उभं राहणं हे वर्कआउटच आहे, प्लॅनमध्ये लिहिलेलं नसलं तरी. अनंत चतुर्दशीपर्यंत तिचं पोहणं आम्ही आठवड्यातून दोनदा, तेही सावकाश ठेवलं. विसर्जनानंतर पंधरा दिवसांत वेळ परत जाग्यावर आली.

तीन ग्रुप आणि तीन प्लॅन

आपल्याकडची ही सगळ्यात मोठी चूक, आणि मला सगळ्यात जास्त काळजी हिचीच वाटते. रनिंगचा एक ग्रुप, सायकलचा दुसरा, पोहण्याचे सर तिसरे. मंगळवारी ग्रुपबरोबर इंटरव्हल (मधे थांबत जोरात धावणं), गुरुवारी सरांनी दमवलेलं, शनिवारी सायकलवाल्यांबरोबर खंबाटकी, रविवारी लाँग रन. प्रत्येक ग्रुपचा विचार आपापल्या जागी बरोबर असतो. चारही कठीण दिवस एकाच शरीराच्या वाट्याला येतात हे मात्र कोणालाच दिसत नाही.

त्यात सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन असते. यवतेश्वरचा चढ मला स्वतःला फार आवडतो. पण तो जीव तोडून धावलात, तर पुढचे आठ-दहा दिवस मांड्या धड होत नाहीत, आणि नोव्हेंबरच्या शर्यतीसाठी ते दिवस सोन्याचे असतात. जायचंच असेल तर लाँग रन म्हणून जा, वर चढताना बोलता येईल इतक्याच वेगाने. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेचंही, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब सायकल राइडचंही तेच. साडेतेरा तासांची मुदत असलेली ती राइड धीर वाढवते, पण तिच्या आधीचे दोन आणि नंतरचे चार दिवस हलके ठेवावे लागतात.

नियम एकच ठेवा. आठवड्यात खरे कठीण दिवस दोन, फार तर तीन. बाकी सगळं इतकं सावकाश की सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. ग्रुप सोडायची गरज नाही. कोणत्या दिवशी ग्रुपबरोबर पळायचं आणि कोणत्या दिवशी मागे राहायचं, ते आपला प्लॅन ठरवेल.

जानेवारीचा पेस सप्टेंबरात वापरणं

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, हवा थंड. तिथे मिळालेली वेळ प्लॅनमध्ये भरली की त्यावरून सगळे पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं, ते निघतात. सप्टेंबरच्या दमट सकाळी तोच पेस धरला की नाडी दहा-पंधरा ठोके वर जाते आणि 'सोपा' रन नकळत कठीण होतो. दर सहा-आठ आठवड्यांनी चाचणी नव्याने करा. धावण्यासाठी तीस मिनिटं पूर्ण जोर लावा आणि शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी नाडी धरा, ती तुमच्या टिकणाऱ्या जोराची वरची मर्यादा. कमाल नाडीचं २२० वजा वय हे सूत्र सरासरीचं आहे. एखाद्या माणसाची नाडी त्यापेक्षा बरीच वर किंवा खाली असू शकते. पोहण्यासाठी ४०० आणि २०० मीटरच्या वेळा घ्या आणि त्यांतला फरक निम्मा करा, तो तुमचा शंभर मीटरचा दमदार पण टिकणारा पेस. चारशेला १२ मिनिटं आणि दोनशेला ५ मिनिटं ४० सेकंद लागले, तर फरक ६ मिनिटं २० सेकंद. म्हणजे शंभराला ३ मिनिटं १० सेकंद.

सायकलला पॉवर मीटर (पायांचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) नसेल तर वॉटमधला प्लॅन घेऊन चडफडत बसू नका. नाडी आणि दम यांवर चालणारा प्लॅन घ्या.

बुडालेला आठवडा भरून काढणं

पावसाळ्यात ताप येतोच. मुलं आजारी पडतात, ऑफिसचं ऑडिट येतं. आठवडा बुडतो आणि माणूस रविवारी बसून बुडालेले सहा तास पुढच्या आठवड्यात कोंबतो. बुडालेलं वर्कआउट म्हणजे उधारी नव्हे, ते फेडायचं नसतं.

एक-दोन दिवस गेले तर सोडून द्या आणि आजच्या चौकोनापासून पुढे चला. चार-सात दिवस गेले तर जिथे थांबलात त्या आठवड्याचा साधारण दोन तृतीयांश भाग करा, मग रुळावर या. दोन आठवड्यांहून जास्त गेले तर प्लॅनचं शिखर खाली आणा. पाच तासांची राइड चार तासांची झाली तरी शर्यत पूर्ण होते. आठवडे दाबून बसवले तर होत नाही.

ताप, अंगदुखी, छातीतला खोकला असेल तर पूर्ण विश्रांती. जितके दिवस ताप होता, ताप उतरल्यावर निदान तितके दिवस फक्त सोपं. डेंग्यू झाला असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय सायकलला हात लावू नका, मग शर्यत गेली तरी चालेल. बायकांना आणखी एक सांगते. आठवडे भरत असूनही दम लवकर लागत असेल, जिना चढताना धडधडत असेल, तर प्लॅन बदलण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. मी हे उशिरा केलं आणि तीन महिने आळस समजून स्वतःला हाकत राहिले.

आठवडा कोसळताना काय वाचवायचं? एक लांब राइड, एक लांब रन, आणि पोहणं कच्चं असेल तर दोन स्विम. बाकी सगळं गेलं तरी चालतं.

समुद्र आणि शेवटचे पंधरा दिवस

थंड देशांतले प्लॅन वेटसूट, म्हणजे पोहताना घालायचा रबरी पोशाख, धरून लिहिलेले असतात. वेटसूट अंगाला तरंगतं ठेवतो, बुडणारे पाय झाकून घेतो. गोव्याच्या कोमट पाण्यात तो नसतो, त्यामुळे पाय खाली जाणाऱ्याने पुलबॉय (मांड्यांमध्ये धरायचा तरंगता फोम) लावून मीटर मोजत बसू नये. पावसाळाभर समुद्रात उतरणं धोक्याचं असतं, आणि पहिला समुद्र शर्यतीच्या आदल्या दिवशी बघणारे पुष्कळ असतात. टँकवर दर सहा-सात हातांनी डोकं वर काढून समोरची खूण बघायचा सराव ऑगस्टपासूनच ठेवा. समुद्र शांत झाला की जाणकारांसोबत, सुरक्षा बोट किंवा तरंगता बोया घेऊन दोन-तीनदा तरी उतरा.

खाण्याचा सराव प्लॅनमध्ये लिहिलेला नसेल तर स्वतः लिहा. लांब राइडला तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि मीठ, म्हणजे केळी, खजूर, चिक्की, लिंबू-साखर-मिठाचं पाणी, जे पोटाला मानवेल ते. शर्यतीच्या दिवशी नवीन काही नको.

टेपरमध्ये, म्हणजे शर्यतीआधीच्या या हलक्या पंधरा दिवसांत, तास जवळपास निम्मे करा, पण थोडा वेग टिकवा. या दिवसांत गुडघा उगाच दुखतो, घसा खवखवतो, पाय जड वाटतात, आणि एक शेवटची शंभर किलोमीटरची राइड मारून बघावीशी वाटते. तो रविवार घरच्यांना द्या. वीस आठवडे पहाटे साडेचारला आपला गजर त्यांनीही ऐकलेला असतो.