जुन्या गाडीचं कूलंट बदलताना या चुका टाळा

पंधरा-वीस वर्षं चाललेल्या मारुती 800, झेन, सँट्रो किंवा इंडिकाच्या रेडिएटरचं झाकण उघडलं की आत बऱ्याचदा चहासारखं तांबूस पाणी दिसतं. त्याच्या मुळाशी एक वाक्य असतं : "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? पाणी टाका, चालतंय." महाराष्ट्रात पाणी गोठायची भीती नाही, हे खरं. पण इथल्या गाडीला कूलंट लागतं ते आधी गंजावरचं औषध म्हणून. बऱ्याच जुन्या इंजिनांचा ब्लॉक बिडाचा असतो आणि हेड ॲल्युमिनियमचं. रेडिएटर तांब्या-पितळेचा असला तर त्याचे सांधे डाग देऊन जोडलेले असतात. इतके धातू एकाच गरम पाण्यात बुडालेले असले की त्यातला एखादा दुसऱ्यापायी झिजत राहतो. कूलंटमधली रसायनं धातूवर पातळ थर धरून ही झीज थोपवतात. साध्या हिरव्या कूलंटमध्ये ती दोनेक वर्षांत किंवा 40,000 किलोमीटरच्या आसपास संपत येतात. हिरवा रंग मात्र तसाच राहतो, आणि मालकाला वाटतं कूलंट अजून ताजं आहे.

उकळण्याचा मुद्दा त्यानंतरचा. साधं पाणी समुद्रसपाटीला 100 अंशांवर उकळतं, महाबळेश्वरला 95-96 वरच. निम्मं इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य द्रव) आणि निम्मं पाणी असलं तर हा आकडा 107-108 पर्यंत जातो, आणि रेडिएटरचं 0.9 बार दाब धरणारं धडधाकट झाकण तो आणखी साधारण 20 अंशांनी वर नेतं. मे महिन्यात एसी लावून खंबाटकी किंवा कसारा चढताना हेच अंश कामाला येतात.

रंग बघून कूलंट घेणं

दुकानात "हिरवं द्या" किंवा "लाल द्या" म्हणणं ही सगळ्यात मोठी चूक. रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते, त्याला एकसारखा नियम नाही. विचारायचं ते आतलं रसायन.

जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट असे अजैविक क्षार असतात. याला आयएटी म्हणतात. थर पटकन धरतो, पण दोन वर्षांत बदलावं लागतं. ओएटीमध्ये सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. ते सावकाश काम करतं आणि पाच वर्षांपर्यंत टिकतं. दोन्हींचा मिलाफ असलेला प्रकार म्हणजे एचओएटी. जपानी कंपन्यांचा कल सिलिकेट टाळून फॉस्फेट वापरण्याकडे असतो, तर युरोपीय कंपन्या तिकडच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यामुळे फॉस्फेट टाळतात. म्हणून "सगळ्या गाड्यांना चालेल" असं लिहिलेल्या डब्याकडे जरा संशयानेच बघावं.

जुन्या गाडीत पितळी रेडिएटर असेल तर ओएटी आपणहून ओतू नका. काही ओएटी कूलंट डागाच्या सांध्यांना पुरेसं सांभाळत नाहीत, आणि काहींमधलं 2-इथाइल हेक्झॅनॉइक आम्ल जुन्या सिलिकॉन सीलना मानवत नाही. अशा गाडीला चांगल्या प्रतीचं साधं आयएटी दर दोन वर्षांनी बदलणं स्वस्तही पडतं आणि निर्धोकही. रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि टाक्या प्लॅस्टिकच्या असतील तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार घ्या. डब्यावर आयएस 5759 किंवा जेआयएस के 2234 यांपैकी एखादं मानक लिहिलेलं आहे का, तेही पाहा. नुसतं "सुपर कूल" लिहिलेला डबा परत फळीवर ठेवा.

आत काय आहे ते माहीत नसताना वरून नवं ओतणं हीसुद्धा याच चुकीची बहीण. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या जुन्या गाड्यांमध्ये निळसर जी11 आणि लालसर जी12 एकत्र झाल्यावर तपकिरी गाळ तयार होतो, हे ठाऊक असलेलं उदाहरण. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर सरळ सगळं काढून, धुऊन नव्याने भरा.

प्रमाणाचा हिशोब न करणं

आपल्या बाजारात तीन तऱ्हेचे डबे शेजारी शेजारी असतात : तयार मिश्रण, एकास एक पाणी घालायचं कॉन्सन्ट्रेट, आणि एकास तीन पाणी घालायचं कॉन्सन्ट्रेट. तयार मिश्रणात पाणी घातलं की औषध पातळ होतं. एकास एकचा डबा एकास तीनच्या हिशोबाने वापरला तर गंजरोधक निम्मंच उरतं. उलट, नुसतं कॉन्सन्ट्रेट भरणं हेही शहाणपण नाही. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, त्यामुळे गाडी जास्त तापते. गंमत म्हणजे शुद्ध ग्लायकॉल उणे 13 च्या आसपास गोठतं, तर निम्मं-निम्मं मिश्रण उणे 37 पर्यंत टिकतं. लेह किंवा स्पितीला गाडी नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. एकास तीनचं मिश्रण उणे 12 च्या पुढे साथ देत नाही.

खरा घोळ होतो तो धुतल्यानंतर. समजा, गाडीत एकूण 4 लिटर बसतं. रेडिएटरचा नळ उघडल्यावर त्यातलं अडीच लिटरच बाहेर येतं. उरलेलं दीड लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या जाळीत (हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये) अडकून राहतं, आणि पाण्याने धुतल्यावर ते निव्वळ पाणी असतं. आता अडीच लिटर पन्नास टक्क्यांचं तयार मिश्रण ओतलं तर आत ग्लायकॉल झालं सव्वा लिटर, म्हणजे जेमतेम 31 टक्के. डब्यावर पन्नास आणि गाडीत एकतीस. 40 टक्के हवं असेल तर आधी 1.6 लिटर एकास एकवालं कॉन्सन्ट्रेट ओता, मग उरलेली 0.9 लिटरची जागा पाण्याने भरा. हा हिशोब करता यावा म्हणून बाहेर आलेलं पाणी मापाच्या बाटलीत मोजायचं. एकूण किती बसतं ते पुस्तिकेत असतं. लहान गाड्यांत ते बहुधा साडेतीन ते पाच लिटरच्या दरम्यान, पण अंदाजावर जाऊ नका.

मिळेल ते पाणी

दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं. तापल्यावर त्यातलं कॅल्शियम रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चुनखडीसारखं बसतं, आणि कूलंट फॉस्फेटवालं असलं तर त्याच्याशी जुळून गाळही होतो. बाटलीबंद पिण्याच्या पाण्यातही क्षार असतातच, घरच्या आरओचं पाणी बऱ्याचदा मुद्दाम क्षार मिसळून येतं. एसीचं ठिबकणारं पाणी धूळ आणि बुरशी घेऊन येतं. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारं बॅटरीचं पाणी, म्हणजे डिमिनरलाइज्ड पाणी, हेच घ्या. लेबल नीट वाचा, कारण त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं.

काढताना आणि भरताना

इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घेणं उत्तम. आतलं पाणी शंभरावर असूनही दाबामुळे उकळलेलं नसतं. झाकण फिरवताच ते वाफ होऊन थेट तोंडावर येतं. फडकं धरून उघडण्याची हौस हात भाजूनच फिटते.

हीटरचा खटका पूर्ण गरमवर करा. आपल्याकडे हीटर वर्षानुवर्षं कुणी लावत नाही, त्यामुळे केबलवर चालणारा त्याचा नळ अडकलेला असतो आणि जुनं पाणी जाळीत तसंच पडून राहतं. रेडिएटरचा खालचा नळ प्लॅस्टिकचा असेल तर पक्कडीने पिळू नका. जुना असेल तर तुटतो. त्याऐवजी खालचा होज (रबरी नळी) सोडवा. ब्लॉकचा बोल्ट हाताशी असेल तर तोही उघडा. रिझर्व्ह टाकी काढून घासा, निम्मा गाळ तिथेच बसलेला असतो.

आता साधं पाणी भरा, इंजिन चालू करून वरचा होज गरम होईपर्यंत थांबा. तो गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडला आणि पाणी सगळीकडे फिरलं. गाडी थंड करून काढा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हे दोन-तीनदा करा, शेवटची फेरी बॅटरीच्या पाण्याची. जहाल फ्लशिंग केमिकल वीस वर्षांच्या रेडिएटरमध्ये घालू नका. गंजाचे पापुद्रे सुटतात, आणि ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या ज्या पत्र्याच्या चकत्यांना मेकॅनिक डमी म्हणतात त्या गळायला लागतात. पापुद्र्यांनीच भोक बुजलेलं होतं, हे तेव्हा कळतं.

भरताना घाई केली की आत हवा अडकते. गाडीचं नाक चढावर ठेवा. हवा सोडायचा ब्लीड स्क्रू असल्यास ढिला करा आणि त्यातून बुडबुड्यांशिवाय धार आली की कसा. हळूहळू ओता, मध्ये मध्ये वरचा होज दाबत राहा. झाकण न लावता इंजिन आयडलवर चालवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा आणि झाकण लावा. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, फक्त दाबाची टाकी असते, तिथे टाकीतूनच भरायचं. पंखा दोनदा लागून बंद झाला की इंजिन थांबवा. पुढचे तीन दिवस रोज सकाळी, थंड असताना, रिझर्व्हची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहा. पहिल्या दिवशी थोडी उतरणं साहजिक आहे. तिसऱ्या दिवशीही उतरत असेल तर गळती शोधा.

हवा अडकल्याची खूण : हीटर लावूनही गार वारा, तापमानाचा काटा एकदम वर जाऊन परत खाली. सेन्सरभोवती हवा असली तर इंजिन तापत असतानाही काटा खालीच राहतो. नव्याने भरल्यावर लगेच घाटात जाऊ नका, ते यासाठी.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

"थर्मोस्टॅट काढला की गाडी गरमच होणार नाही" हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. 82 किंवा 88 अंशांना उघडणारा हा भाग काढला की इंजिन कधीच नीट तापत नाही. इंधन जास्त जातं, ऑइलमध्ये पाणी आणि इंधन साठून चिखल होतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करत असतो. तिथे तो काढला तर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून जातं आणि चढावर गाडी आणखीच तापते. संशय आला तर तो काढून दोऱ्याने गरम पाण्याच्या पातेल्यात लटकवा आणि थर्मामीटर लावा. लिहिलेल्या अंशांच्या आसपास उघडला नाही तर नवा बसवा. हवा सोडणारी बारीक पिन वरच्या बाजूला ठेवा.

हळद आणि लीक-स्टॉप

गळत्या रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची ट्रकवाल्यांची युक्ती गॅरेजपर्यंत पोचायला उपयोगी आहे. तिथे पोचल्यावर ती काढून टाकायची असते. हळद असो की बाटलीतलं लीक-स्टॉप, ते भोक ओळखत नाही. अरुंद जागा दिसली की बसतं, आणि हीटरच्या जाळीइतकी अरुंद जागा दुसरी नाही. पितळी रेडिएटरला डाग देता येतो, नळ्या रॉडिंग करून, म्हणजे आत सळई फिरवून, साफ करता येतात. प्लॅस्टिक टाकीवाला फुटला तर नवाच घ्यावा.

झाकण

सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात दुर्लक्षित. त्याची स्प्रिंग सैल झाली की पाणी लवकर उकळून रिझर्व्हमध्ये उडतं. आतली लहान झडप अडकली की गाडी थंड झाल्यावर रिझर्व्हमधलं पाणी परत येत नाही आणि वरचा होज चपटा होतो. नवं घेताना जुन्यावरचा दाबाचा आकडा जुळवा. "जास्त दाब म्हणजे जास्त चांगलं" म्हणून 0.9 च्या जागी 1.3 बारचं बसवलं तर जुने होज आणि जाळी फुटते.

तरीही गरम होते?

कधी गरम होते त्यावरून शोधा. सिग्नलला थांबल्यावरच तापत असेल आणि हायवेवर काटा ठीक राहत असेल तर पंखा, त्याचा रिले किंवा थर्मोस्विच पाहा. वेगात किंवा चढावर तापत असेल तर रेडिएटरच्या नळ्या तुंबल्या असतील, वॉटर पंपाची पाती गंजून झिजली असतील, किंवा खालचा होज रेस दिल्यावर आत ओढला जात असेल. पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब येत असतील तर सील गेलंय, पंप बदला.

पाणी कमी होतंय पण जमिनीवर थेंब नाही? पायाखालचं कार्पेट ओलं, काचेवर चिकट धुकं आणि गोडसर वास असेल तर हीटरची जाळी फुटलीय. हे काही नसेल तर हेड पॅकिंगकडे, म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या मधल्या पॅकिंगकडे, वळा. थंड इंजिन, झाकण उघडं, चालू करा. पहिल्याच मिनिटात, पाणी तापण्याआधी, बुडबुडे सतत येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. अशा वेळी नवं कूलंट ओतणं म्हणजे पैसे सायलेन्सरमधून बाहेर सोडणं. हेड बेंड झालंय का ते तपासून, गरज असेल तर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करूनच, पॅकिंग बदलावं लागतं.

नवं कूलंट काही महिन्यांतच तांबूस झालं आणि रेडिएटर पुन्हा पुन्हा फुटत असेल तर मल्टिमीटर घ्या. काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक कूलंटमध्ये, धातूला न लावता. इंजिन चालू, दिवे-पंखा चालू. 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठलीतरी अर्थिंग वायर सैल आहे आणि वीज पाण्यातून वाट काढतेय.

जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात सोडू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशानेही मरतात. घमेलं उघडं ठेवून चहाला जाऊ नका. काढलेलं कूलंट लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यावर "विष" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि टाकाऊ द्रव रीतसर उचलून नेण्याची सोय असलेल्या सर्व्हिस सेंटरला द्या. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ते कधीच ठेवू नका. कुणाच्या पोटात गेलंच तर लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा, कॅनवरचं लेबल सोबत न्या. आणि बॉनेट बंद करण्याआधी आतल्या पत्र्यावर एक चिठ्ठी चिकटवा : तारीख, किलोमीटर, कूलंटचा प्रकार, प्रमाण. दोन वर्षांनी रंगावरून अंदाज बांधत बसावं लागणार नाही.