सिलिॲक असेल तर ऑनलाइन माहिती कुठं शोधायची आणि कुठली सोडून द्यायची

सिलिॲक म्हणजे गहू, जव अशा धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार. पहिलं म्हणजे, टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी सांगितली तर एंडोस्कोपी होईपर्यंत गहू बंद करू नका. नेटवर 'आधी सोडून बघा' असं सर्रास सांगतात. गहू सुटला की आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, मग पुन्हा गहू खाऊन तपासणी करत बसा.

निदान झालं की आजार समजून घ्यायला सिलिॲक सोसायटी ऑफ इंडिया, अमेरिकेतली सिलिॲक डिसीज फाउंडेशन आणि ब्रिटनची सिलिॲक यूके, या तीन वेबसाइट पुरे.

खरं डोकं फिरतं ते काय खायचं याच्या याद्यांपाशी. मलाही इथंच सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण परदेशी यादीत पास्ता, बिअर, सोया सॉस सगळं असतं पण आपल्या रोजच्या फोडणीतला हिंग नसतो, आणि डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तसंच मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कुरडया, सातूचं पीठ. सातू म्हणजे जव, त्यातही ग्लुटेन असतंच. ज्या यादीत हिंगाचा आणि पिठाच्या गिरणीचा उल्लेख नाही ती यादी आपल्या स्वयंपाकघरासाठी अपुरी, असं मी सरळ मानते.

गिरणीचं तर फार महत्त्वाचं आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, राजगिरा यात ग्लुटेन नाही हे कुठंही वाचायला मिळेल, पण गव्हाच्या मागोमाग त्याच गिरणीत ज्वारी दळली तर ती भाकरी चालत नाही हे फार कमी जण लिहितात. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच टाकू नका, पाहुणे आले तरी नाही.

रेसिपीच्या व्हिडिओंबद्दल तर माझं मत पक्कं आहे. खपली गहू सिलिॲकला चालतो म्हणणारं चॅनल तिथल्या तिथं बंद करा, खपलीत ग्लुटेन असतं. मैदा नाही म्हणून रव्याचा केक 'ग्लुटेन-फ्री' म्हणणारं पण बंद, रवा गव्हाचाच. गोळी घेऊन थोडी पोळी चालेल म्हणणाऱ्यांवर तर अजिबात विश्वास नको, सध्या उपाय एकच, आयुष्यभर ग्लुटेन बंद.

पाकिटांसाठी एफएसएसएआयचे, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचे नियम वाचा, अमेरिकेचे नको. तिथं ॲलर्जीच्या सूचनेत गहू लिहावाच लागतो पण जव लिहायची सक्ती नाही. आपल्याकडे ग्लुटेन असलेली सगळी धान्यं जाहीर करावी लागतात, आणि 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर प्रमाण किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत हवं.

बाहेर खायचं असेल तर 'ग्लुटेन-फ्री नाशिक' असं सर्च करून कॉलेज रोड, गंगापूर रोडचे कॅफे सापडतील, पण मेन्यूवरचा शब्द फक्त पिठापुरता असू शकतो. दुपारी गर्दी नसताना फोन करा आणि नेमकं विचारा: तवा वेगळा आहे का, तळायचं तेल वेगळं आहे का, हिंग कुठला वापरता. साबुदाणा वड्यात गहू नसतो, पण समोशाच्याच कढईत तळला तर गेला. मिसळीचा पाव नाही घेतला तरी रस्सा आणि फरसाणातल्या हिंगाचं विचारायचंच, आणि समोरच्याला नीट सांगता आलं नाही तर तिथं खायचं नाही.